सरांचा एफ

४ जानेवारी, रविवार

सगळं बदललं ते पाळकसाहेबांनी चष्मा पुसून तो कागद हातात घेतला तेव्हा. त्याआधी मी बरा होतो. थंडी होती, मागच्या बाकावर बसलो होतो, उपासना संपत आली होती.

"आपल्या मंडळीतील शांतवन सरांची कन्या कुमारी प्रार्थना आणि श्रीरामपूर मंडळीतील सायमन यांच्या विवाहाची ही पहिली सूचना. कोणाची योग्य हरकत असेल तर त्यांनी कळवावी."

असं तीन रविवार वाचतात. पहिली सूचना, दुसरी, तिसरी. मग लग्न. लहानपणापासून ऐकतोय, कुणी हरकत घेतलेली पाहिली नाही. लोक तेवढ्यात मुलांच्या टोप्या नीट करतात, बाकाखाली पायानं चपला शोधतात.

माझी हरकत आहे. पण ती 'योग्य' आहे की नाही हे कोण ठरवणार?

प्रार्थना नव्हतीच. ती पुण्याला, हॉस्पिटलात नर्स. तो सायमनही त्याच हॉस्पिटलात कामाला, लॅबमध्ये. म्हणजे रोज भेटत असणार. मी इथे कोल्हारच्या स्टँडवर लोकांचे मोबाईल उघडत बसलोय.

बाहेर आलो तर नळापाशी सर उभे. मला नववी-दहावीला भूमिती शिकवली त्यांनी. आता रिटायर झालेत. म्हणाले, "इमॅन्युएल, गिटार वाजवतोस ना अजून?"

वाजवतो म्हटलं. खोटं. कॉलेज सोडून आलो तेव्हापासून ती कपाटावर पडलीय.

"मग उद्या संध्याकाळी घरी ये. मला साथ पाहिजे."

त्यांच्या घरी — म्हणजे तिच्या घरी. लगेच हो म्हटलं. आत शिरायला मिळालं की ती येईल तेव्हा बोलता येईल. तिसऱ्या सूचनेच्या आत. एवढंच ठरवलंय, बाकी काही नाही.

५ जानेवारी

दुकानातून लवकर निघून लोणीला गेलो, तारा आणल्या. गिटार पुसली. आतून झुरळ निघालं. आई म्हणाली, "त्याला बी वाजवता येत आसंल आता. लई दिस ऱ्हायलंय तिथं."

सरांच्या घराचं दार खाली फरशीला घासतं. मी ढकललं तर आपटून परत उघडलं. "थोडं उचलून ओढ," सर आतून म्हणाले. उचललं नाही, नुसतं ओढलं. परत उघडलं. प्रार्थनाची आई, मार्थाकाकू म्हणाल्या, "राहू दे. सुतार दिवाळीला येतो म्हणालाय. कुठल्या दिवाळीला ते नाही सांगितलं."

सरांची गिटार त्यांच्या डी.एड.च्या वेळची. नगरला होस्टेलवर खोलीतल्या मित्राची होती, तो दुपारी झोपला की हे वाजवायचे. शिकवणारं कुणी नाही. मित्राची बोटं आठवायची आणि आपली तशी ठेवायची. पुढे तो मित्र गिटारला कंटाळला, यांनी ती घेतली. मग नोकरी लागली, संसार आला, गिटार खोळीत गेली ती आता दिवाळीत बाहेर निघाली.

मला वाटलं रिटायर माणूस आहे, विरंगुळा असेल. कसलं काय. सकाळ-संध्याकाळ बसतात. डाव्या हाताची बोटं माझ्यापुढे धरली — "बघ, कातडं घट्ट व्हायला लागलं." पहिला दात पडलेलं पोरगं दाखवतं तसं.

मग मी वाजवलं. मोबाईलवर बघून शिकलेलं, जोरात, पटापट. तिच्या घरात वाजवतोय म्हणून जरा जास्तच जोरात. सर डोळे मिटून ऐकत होते. थांबलो तर म्हणाले, "छान. पुढे?"

"पुढे एवढंच येतं."

"बरं, दुसरं."

दुसरं वाजवलं. तेही मध्येच संपलं. तिसरं. तसंच.

"इमॅन्युएल, शेवटपर्यंत येतं असं एखादं वाजव."

डोकं खाजवलं. एकही आठवेना. सर हसले नाहीत, पण मला ते हसल्यासारखं लागलं. चहा न घेता निघालो. दार आपटलं. ते परत उघडलंच.

६ जानेवारी

बोटांची आग आग. गिऱ्हाइकाचा स्क्रीन पुसताना कळ आली. तो म्हणतो, "भाऊ, मोबाईल माझा पडला होता, तुमाला काय लागलं?"

८ जानेवारी

आज कळलं साथ कशासाठी ते.

प्रार्थना लहानपणी रडायला लागली की सर तिला खांद्यावर घेऊन एक चाल गुणगुणायचे. शब्द नाहीत, नुसती चाल. त्यांची स्वतःचीच. ती लग्नात चर्चच्या दारातून वेदीपर्यंत चालत येईल तेव्हा ही वाजवायची. त्यासाठी दिवाळीपासून बसलेत. तिला माहीत आहे. खूश आहे म्हणे.

म्हणजे ती त्याच्याकडे चालत जाणार आणि पाठीमागून मी टण टण करणार.

पण उठलो नाही. बुधवारी संक्रांतीला ती येणार आहे, काकू म्हणाल्या.

चालीच्या मधोमध एफ नावाचा कॉर्ड आहे. गिटारवाल्यांना इथेच घाम फुटतो — पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या, वर बाकीची बोटं. मला मोबाईलनं महिनाभर रडवलं होतं तेव्हा जमला. सरांना कधीच जमला नाही. तरुणपणी कुठल्याही गाण्यात एफ आला की हात थांबवून ते तेवढं तोंडानं गुणगुणायचे. "कुणाच्या लक्षात यायचं नाही," म्हणाले. "माझ्या यायचं."

आता तेच धरलंय. सी, मग एफ. सी, मग एफ. बाकी चाल नाहीच, फक्त एवढंच. त्यांचा अंगठा मागून वर डोकावतो, म्हणून आडवं बोट नीट टेकत नाही. होस्टेलच्या मित्राचा अंगठा तसा असणार! मी तो धरून खाली ठेवला. सरांचा अंगठा धरताना कसंतरीच वाटलं. शाळेत याच हातानं कान पिळलाय माझा.

काकू भाकरी करता करता म्हणाल्या, "म्हशीलासुद्धा कळतो आता तुमचा एफ. मान हलवते."

"लागला की हलवते का चुकला की?" सर.

"चुकला की. म्हणून तर मान धरलीय तिची."

मला काम सोपं आहे. खालच्या सुरांवर ठेका धरायचा. पण सर म्हणतात मी पुढे पळतो. मी म्हटलं, तुम्ही मागे राहता सर. म्हणाले, "असेल. पण नवरी तुझ्याबरोबर पळणार नाही."

११ जानेवारी, रविवार

दुसरी सूचना.

'हरकत असेल तर' एवढं कानावर आलं आणि माझं अंग बाकावरून सुटलं. खरंच. काय बोलणार होतो माहीत नाही. आईनं स्वेटर मागून धरला आणि खाली ओढलं.

"बस. गुडघं दुखत्यात का तुझं?" हळूच, समोर बघतच.

घरी आलो. मग भाजी निवडताना म्हणाली, "त्या पोरीला तू कदी इचारलं हाय का?"

मी म्हटलं तिला माहीत आहे.

"म्या माहीत हाय का न्हाई ते इचारलं न्हाई."

१४ जानेवारी, बुधवार

आली. पिवळा ड्रेस, केस कापलेत. तिळगूळ दिला आणि म्हणाली, "पप्पांना फार त्रास देत नाहीस ना?"

सर आत तारा बदलत होते. आम्ही ओट्यावर. हीच वेळ म्हटलं. मी सुरू केलं — कॉलेज, तो कॅन्टीनमधला पोरगा तिच्याबद्दल जे बोलला ते, मी त्याला मारलं, कॉलेजनं माफीनामा लिहून द्यायला सांगितला, मी दिला नाही, इंजिनिअरिंगवर लाथ मारून आलो. सगळं तिच्यासाठी.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी सांगितलं होतं?"

"नाही, पण —"

"मागच्या महिन्यात माझ्या वॉर्डात कोल्हारच्या एक आजी ॲडमिट होत्या. सलाईन लावत होते तर विचारतात, ते कॉलेज सोडलेलं पोरगं तुझंच ना गं? कॉलेज तू सोडलंस इमॅन्युएल. नाव माझं लागलं. तिथपर्यंत."

मी म्हटलं, "ठीक आहे. मग आता विचारतो."

"विचार."

विचारलं. सरळ. इतकी वर्षं मनात असलेलं वाक्य, एवढंसं होतं ते.

"नाही," ती म्हणाली. "आणि हे सायमनमुळे नाही. तो नसता तरी नाहीच असतं."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

आतून सर — "इमॅन्युएल, झाल्या तारा. ये." मी आत गेलो ते गिटार उचलायला. उचलली आणि निघालो. दार असं आपटलं की वरून माती पडली. फाटकाशी वळून बघितलं तर उघडंच.

१५ जानेवारी

गेलो नाही.

१६ जानेवारी

सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या शेडमध्ये गिटार घेऊन बसलो. रागात वाजवलं. मोबाईलवर रेकॉर्ड केलं, म्हटलं बघू किती पळतो मी.

पळतो. पण सगळीकडे नाही. सोपं असतं तिथं चांगला चालतो. अवघड जागा जवळ आली की सुटतो, कशीतरी मागे टाकायची म्हणून. चार वेळा ऐकलं. चारही वेळा तिथंच.

मग हळू वाजवलं. अगदीच हळू, पायानं ठेका धरून. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, दोन ट्रॉल्या, टेप लावलेला. त्याच्या गाण्यानं ठेका चुकला. परत पहिल्यापासून. शेजारचा दुकानदार चहा घेऊन आला, म्हणाला, "नळ गळतोय का रे तुझा?" त्याच्याशी बोललो नाही. दुकान उघडायला उशीर झाला.

संध्याकाळी गेलो सरांकडे. प्रार्थना सकाळीच पुण्याला परत गेली होती. का आला नाहीस असं काही सरांनी विचारलं नाही. पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"सीपासून."

१७ जानेवारी

एफ लागला! सरांचा. सगळ्या तारा बोलल्या, घंटेसारख्या. दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. परत लावला — परत लागला. काकू लाटणं घेऊन बाहेर आल्या. "वाजला का?"

"वाजला."

"म्हैस गप आहे, म्हणून विचारलं."

मग त्या तिथंच उभ्या राहिल्या. लाटण्यावरचं पीठ बोटानं पुसत म्हणाल्या, "मला एक सांगा. तुम्ही वेदीशेजारी बसून हे वाजवणार."

"हो."

"मग पोरीला हात धरून आत कोण आणणार?"

"मी," सर म्हणाले.

"आणि वाजवणार कोण?"

"मी."

काकू म्हणाल्या, "भूमितीचे मास्तर." आणि आत गेल्या.

दिवाळीपासून! आमच्यातल्या प्रत्येक लग्नात बाप नवरीला आत आणतो. सरांनी पन्नास लग्नं पाहिली असतील. मीही. चाल वाजवणारा आणि नवरीबरोबर चालणारा एकच माणूस आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सरांच्या डोक्यात फक्त एफ होता. माझ्या डोक्यात काय होतं ते काय लिहायचं.

सरांनी गिटार खोळीत घातली. चेन हळूहळू ओढली. "तू वाजव. तुला सगळी येते आता. मी तिला घेऊन येतो."

मी एकटा. ती येणार आणि मी एकटा तिला वाजवत सोडून येणार. मी बँडवाला आहे का? तोंडावर आलं होतं. सरांकडे बघितलं आणि नाही बोललो. निघताना दार आपटलं की नाही, आठवत नाही.

१८ जानेवारी, रविवार

तिसरी सूचना. शेवटची.

सर आज माझ्या बाकावर बसले होते, शेजारी. पाळकसाहेबांनी कागद घेतला. आईचा हात माझ्या स्वेटरवर आधीच. मी रात्रभर ठरवलं होतं — उठायचं. ती नाही म्हणालीय हे माहीत असून उठायचं, नुसतं सगळ्यांनी वळून बघावं म्हणून. मग गिटार त्यांची त्यांनी बघावी.

'कोणाची योग्य हरकत असेल तर' — इथं ते थांबतात. नेहमीच थांबतात.

माझी नजर खाली गेली. सरांचा डावा हात मांडीवर होता. पहिलं बोट आडवं, बाकीची वर, अंगठा खाली, बरोबर जागेवर. पँटवर एफ दाबत होते. त्यांना माहीतही नव्हतं. डोळे पाळकसाहेबांकडे आणि बोटं दाबतायत, सोडतायत, दाबतायत.

काल खोळीची चेन लावली म्हणून काय झालं?

मी बसून राहिलो. पाळकसाहेब पुढच्या गीताकडे गेले. आईनं स्वेटर सोडला.

१९ जानेवारी

दुकान बंद ठेवलं. सर दळण आणायला गेले ते बघून काकूंकडे गेलो.

"काकू, तुम्ही आणा तिला."

"मी? आईनं आणलेलं कुठं पाहिलंस?"

"कुठं नाही. पण सरांचा एफ तरी पूर्वी कुठं ऐकला होता तुम्ही?"

काकू खूप वेळ डाळ पाखडत राहिल्या. "साडीत पाय अडकून पडेन मी."

"पळायचं नाहीये. हळूच आहे चाल."

"तू सांगतोस होय?"

मग त्यांनीच प्रार्थनाला फोन लावला, स्पीकरवर. तिनं ऐकलं, हसायला लागली. "आई आणेल मला. पप्पांनी वाजवायचंच." मग जरा थांबून, "इमॅन्युएल आहे का तिथं?"

"आहे."

"त्याला म्हणावं, आई हळू चालते."

संध्याकाळी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, आई काय परकी आहे का? मंडळीतले काकासाहेब मात्र रुसलेत. असं आपल्यात कधी झालं नाही म्हणतात. लग्नाला येतील, जेवतील.

सरांना काकूंनीच सांगितलं. खोळीची चेन उघडल्याचा आवाज आला तेवढा.

२३ जानेवारी

अंगणात तालीम. काकू दारापासून फाटकाजवळच्या रिकाम्या डब्यापर्यंत चालतात, उजव्या हातात प्रार्थनाच्या जागी झाडू. सर त्यांच्या पायांकडे बघून वाजवतात. मी सरांच्या हाताकडे बघून. एफ पाचातून तीनदा लागतो. नाही लागला तर काय करायचं म्हटलं. सर म्हणाले, "पुढे जायचं. गुणगुणायचं नाही."

काकू झाडूला म्हणाल्या, "चला बाई, सासरी."

२७ जानेवारी, मंगळवार

लग्न झालं.

आम्ही वेदीच्या डाव्या हाताला, खुर्च्यांवर. सायमन उभा, टाय सारखा सैल करतोय, कपाळावर घाम. मी त्याचा चेहरा केवढ्या तिरस्कारानं मनात रंगवला होता. साधा माणूस निघाला. माझ्याकडे बघून म्हणाला, "सुरू करण्याआधी सांगाल का? मला कळतच नाही कधी काय."

दार उघडलं. सगळे उठले. सरांनी सुरू केलं.

अवघड जागा आली तेव्हा ठेका सुटणार असं वाटलं. नाही सुटला. सरांच्या डाव्या हातावर नजर होती, ते जातील तेव्हाच जायचं. एफ — लागला. सगळा नाही, एक तार दबकी वाजली, पण लागला. सर थांबले नाहीत. गुणगुणले नाहीत. पुढे गेले, मीही गेलो, आणि चाल शेवटापर्यंत गेली. काकू पडल्या नाहीत.

मग सगळे म्हणत होते प्रार्थना काय सुंदर दिसत होती येताना. मी नाही पाहिली. मान वर केली तेव्हा ती येऊन उभी राहिली होती.

२९ जानेवारी

संध्याकाळी पाय तिकडेच गेले. मांडव काढत होते. आत सर गिटार घेऊन बसलेले. सी, एफ. सी, एफ.

"आता कशाला सर?"

"एक तार दबकी वाजली होती."

मी बसलो. म्हटलं, बरं झालं तुम्ही मला बोलावलंत, नाहीतर गिटार कपाटावरच राहिली असती. सर तार पिळत म्हणाले, "मला कुठलं सुचतंय? प्रार्थना म्हणाली. नाताळात आली होती तेव्हा. म्हणाली, पप्पा, तो फाटकाबाहेर उभा असतो, त्याला आत बोलवा. आणि एक गाणं तरी शेवटपर्यंत वाजवायला लावा, मध्ये सोडू देऊ नका."

गिटार मांडीवर घेतली. तिची चाल वाजवली, एकट्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सर डोळे मिटून होते. 'पुढे?' म्हणाले नाहीत.

उठलो. बाहेर आलो. दार थोडं उचललं आणि ओढलं.

बसलं.